एकशेचाळीसच्या आत

चनबसाप्पांचा उजवा पाय बसल्या जागी हलायचा. दारातल्या कट्ट्यावर ते बसले की पायातली चप्पल करकरायला लागायची, आणि शाहूपुरीतल्या त्या गल्लीत सगळ्यांना कळायचं, की आप्पा बसलेत आणि आप्पांना काही काम नाही.

एक्केचाळीस वर्षं या माणसानं गुळाचा सौदा केला होता. समोर गुळाची ढेप आली की अंगठ्यानं दाबायची, कोपरा फोडून रंग बघायचा, कणभर जिभेवर ठेवायचा आणि तिसऱ्या श्वासाला प्रत सांगायची: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. सांगितलेली प्रत बदलायची नाही. वजनाचंही तेच. एकदा काटा झाला की झाला, माल पुन्हा काट्यावर चढत नाही. शेतकरी रडो की व्यापारी ओरडो. पेढीवर बसायला लागलेल्या अमरेशला, आपल्या मुलाला, आप्पांनी पहिल्या दिवशी हाच धडा दिला होता.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात भर सौद्यात आप्पांना चक्कर आली आणि ते समोरच्या ढेपांवरच आडवे झाले. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा निघाला एकशेनव्वद. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, अमरेशनं पेढी ताब्यात घेतली, आणि आप्पांची रवानगी कट्ट्यावर झाली. हिराबाई म्हणजे त्यांची बायको. ती पहिल्या आठवड्यात काळजी करायची, दुसऱ्या आठवड्यात वैतागली. तिसऱ्या आठवड्यात तिनं शेजारणीला सांगितलं, की आमच्यात यंदा गणपती लवकर बसलाय, गुळाचा हाय, आणि विसर्जनाची तारीख कुणी सांगंना.

आप्पांनी रंकाळ्यावर फिरून बघितलं. ते इतक्या जोरात चालायचे की पुढच्या माणसाला मागं टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही. एकदा एका रिटायर्ड मास्तरांशी शर्यत लागल्यागत झालं आणि डॉक्टरांकडं जाऊन बघतात तर आकडा वाढलेला. कारल्याचा रस घेतला, तोंड वाकडं झालं, आकडा सरळ झाला नाही. दिवसातनं दोनदा ते उगाचच मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत जायचे. फाटकावरचा वॉचमन नमस्कार करायचा आणि अमरेशशेटनी सांगितलंय म्हणून आत सोडायचा नाही.

शेवटी श्रावणात डॉक्टरांसमोरच बापलेकांची बोलणी झाली. दिवाळीच्या पाडव्याला गुळाच्या हंगामाचा मुहूर्त सौदा निघतो. त्या दिवशी पेढीवरचा पहिला भाव एक्केचाळीस वर्षं आप्पांनी पुकारला होता. यंदाही मीच पुकारणार, असं ते म्हणाले.

"पुकारा," अमरेश म्हणाला. "पण पाडव्याआधी लागोपाठ सात दिवस वरचा आकडा एकशेचाळीसच्या आत पाहिजे. सहा न्हाय, सात. मग तुमची गादी तुम्हाला."

पोरगं आपल्यावर गेलंय, याचा आप्पांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि संतापही आला. त्यांनी लगेच एक वही घातली. रोज दुपारी एक वाजता डॉक्टरांकडं जायचं, दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि आकडा वहीत लिहायचा. एकशेसाठ. एकशेअठ्ठावन्न. एकशेपासष्ट. गोळ्या चालूच होत्या, पण आकडा हटून बसला होता.

डॉक्टर जुने होते, आप्पांना ओळखून होते. ते म्हणाले, आप्पा, दिवसाला शंभर माणसं तुम्हाला काहीतरी विचारायची, आता कुणीच काही विचारत नाही. जिथं कुणीतरी काहीतरी विचारेल अशा ठिकाणी दोन तास जाऊन उभे राहा. आप्पांनी विचारलं, सकाळी का संध्याकाळी? डॉक्टरांना हसू आलं. आप्पा औषधाची वेळ विचारत होते.

अशा रीतीनं चनबसाप्पा मोठ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथं आधीच एक माणूस उभा असायचा, यल्लाप्पा. एसटीतनं रिटायर झालेला कंडक्टर, बायको गेल्यापासून रोज इथं. खेड्यापाड्यातनं आलेल्या माणसांना कुठली खिडकी, कुठला जिना, एक्सरे कुठं, रक्त कुठं, हे तो सांगायचा. माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं गाव ओळखायचा आणि तपासणी काय व्हायची ती होऊ दे, तुमची परतीची गाडी अमुक वाजता हाय, हे आधी सांगून टाकायचा. बढती नाही, पगार नाही, बिल्ला नाही. आप्पांना पहिल्या दिवशी हा माणूस खुळा वाटला.

पण त्या पहिल्याच दिवशी मुडशिंगीच्या एका म्हाताऱ्याला त्यांनी खिडकीतनं डॉक्टरांपर्यंत आणि डॉक्टरांपासनं औषधांपर्यंत पोचवलं. म्हातारा जाताना म्हणाला, बरं झालं पावणं तुम्ही भेटला. आणि दुपारी एक वाजता आकडा निघाला एकशेअठ्ठेचाळीस.

आप्पांनी वहीकडं बघितलं. महिन्याभराच्या कारल्यानं जे झालं नव्हतं ते एका म्हाताऱ्यानं केलं होतं.

मग ते रोज जायला लागले, दहा ते बारा. आणि मुळात व्यापारी असल्यानं त्यांच्या पंधरवड्यात ध्यानात आलं, की सगळी माणसं सारखी गुणकारी नसतात. ज्याच्या हातात कागद नीट आहेत, सोबत एक समजूतदार माणूस आहे आणि ज्याचं काम तासाभरात उरकतं, अशा माणसामागं आकडा बारानं उतरतो. तो एक नंबर. दोन खिडक्या हिंडवणारा, पण शेवटी काम होणारा दोन नंबर. त्याच्यानं पाच-सहा उतरतो. आणि ज्याच्याकडं कागद नाही, जो रडतो, ज्याला उद्या या म्हणून परत पाठवतात, त्याच्यानं उतरलेला आकडा पुन्हा चढतो. तो तीन नंबर. दारातनं माणूस आत आला की आप्पा नुसत्या नजरेनं प्रत ठरवायचे आणि एक नंबरचा माल पुढं होऊन उचलायचे. तीन नंबरवाले यल्लाप्पाच्या वाट्याला जायचे.

यल्लाप्पाला हे कळायला वेळ लागला नाही. तीस वर्षं बिनतिकिटाचं माणूस हुडकण्यात गेलेली.

"शेट, तुम्ही सेवा करताय का सौदा?"

आप्पांनी वही मिटली. म्हणाले, माझा आकडा उतरतोय, त्यांचं काम होतंय, कुणाचं काय बिघडलं? यल्लाप्पा म्हणाला, की गाडीत कंडक्टर सीट बघून माणसं घेत न्हाय.

या तीन नंबरातला सगळ्यांत खालचा माल म्हणजे चिमणाबाई. चंदगड तालुक्यातलं अगदी सीमेवरचं गाव, वय पासष्टीच्या पुढं, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पिकलेला. मुलगा गोव्याकडं काजूच्या कारखान्यात, म्हणून एकटीच यायची. डोळ्यांची ऑपरेशनं मंगळवारी असायची. लागोपाठ तीन मंगळवार ती पहाटेच्या एसटीनं आली आणि तिन्ही वेळा तिचं ऑपरेशन पुढं ढकललं. कारण तिचं ब्लडप्रेशर एकशेऐंशीच्या खाली यायला तयार नव्हतं.

आप्पांना हे सगळं ठाऊक होतं. कारण त्या दवाखान्यात तिचं कानडी ज्यांना धड कळत होतं असे ते एकटेच होते. आणि म्हणूनच ती बाकावर दिसली की ते जिन्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळं चुकवणं सोपं होतं.

दिवाळीच्या तोंडावर आप्पांचे आकडे वळणावर आले. बुधवारी एकशेअडतीस, गुरुवारी छत्तीस, मग पुन्हा अडतीस, चौतीस, रविवारी डॉक्टरांच्या घरी जाऊन छत्तीस, सोमवारी बत्तीस. सहा झाले. पाडवा शनिवारी होता आणि बुधवारपासनं डॉक्टरांचा दवाखाना सुट्टीसाठी बंद. म्हणजे सातवा आकडा मंगळवारचा, आणि तो शेवटचा. सोमवारी रात्री हिराबाईनं त्यांचा फेटा कपाटातनं काढून ठेवला. जेवताना अमरेशनं यंदा कुणाकुणाचा माल येणार ते आप्पांना सांगितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवारी आप्पा ठरवून निघाले होते: एकच माणूस घ्यायचा, अस्सल एक नंबर, आणि साडेअकराला बाहेर पडायचं.

यल्लाप्पा आला नव्हता. त्याची मुलगी बाळंत झाली होती. आणि डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर मनाली आप्पांना बघून थेट जिन्यातच आली. आप्पांना दुसरी बाजू घ्यायला सवडच मिळाली नाही.

चिमणाबाई आलीय, मनाली म्हणाली, एकशेचौऱ्याऐंशी आहे. पट्टा बांधला की हात ओढून घेते आणि कानडीत ओरडते. डॉक्टर म्हणालेत, साडेबारापर्यंत दीडशेच्या आत आलं तर घेऊ, नाहीतर दिवाळीनंतर. आणि आता ही परत गेली की पुन्हा येणार नाही, आप्पा. ती तसं म्हणालीय.

आप्पांनी घड्याळ बघितलं. सव्वादहा. वर जाऊन ते बाकावर तिच्या शेजारी बसले आणि पाय हलवायला लागले.

"कोण ते करकर करतंय?" चिमणाबाईनं विचारलं.

आप्पांनी कानडीत सांगितलं, मी शाहूपुरीचा, गुळाचा व्यापारी. आपल्या भाषेतलं माणूस म्हटल्यावर बाईनं त्यांचं मनगट जे धरलं ते धरलंच. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. हे लोक हाताला फडकं आवळतात आणि त्या नळीतनं रक्त ओढून घेतात, अशी तिची समजूत होती. तीनदा दिलं, आता अंगात हाय किती? आप्पांनी समजावलं, की अक्का, रक्त घेत नाहीत, नुसतं मोजतात. मी रोज मोजून घेतो. हेदरब्याड, म्हणजे भिऊ नको. पुन्हा पट्टा बांधला. एकशेसत्तर.

अकरा वाजून गेले. आप्पांना आता आतनं तडतडायला लागलं. स्वतःचा आकडा चढत असलेला त्यांना कानशिलात कळत होता. काय केलं की आकडा उतरतो? गोळी तिनं घेतलेली. कारलं इथं नाही. त्यांनी मनातल्या मनात वहीची पानं उलटली. मग ते उठले, पलीकडच्या बाकावर एक बाई पदर तोंडाला लावून रडत होती, तिच्यापाशी गेले. कोडोलीची धोंडुबाई, पहिल्यांदाच आलेली, हेच ऑपरेशन. आप्पांनी तिला हाताला धरून आणलं आणि चिमणाबाईच्या शेजारी बसवलं.

"अक्का, ही नवी हाय. हिला काय ठाऊक न्हाय. तू तीनदा आलीयास, तूच सांग काय काय करत्यात ते."

चिमणाबाईनं चाचपडत धोंडुबाईचा हात शोधला.

"रडतीस कशाला गं? आधी डोळ्यात थेंब घालत्यात. झोंबतंय जरा, मिरची कुटल्यागत. मग हाताला फडकं आवळत्यात. रक्त बिक्त काय घेत न्हाईत. लोक खुळ्यागत भित्यात. ओढून घ्यायचा न्हाय हात. कळलं?"

धोंडुबाईनं विचारलं, दुखतंय का? चिमणाबाईनं सांगितलं, न्हाय. तिला अजून ऑपरेशनच्या दारापर्यंतही कुणी नेलं नव्हतं, पण तिनं सांगितलं. मग धोंडुबाईला तहान लागली तर पाणी कुठं मिळतं ते सांगितलं, सिस्टर चांगली हाय ते सांगितलं, तिच्या सुनेची तक्रार ऐकून घेतली आणि सुनांशी कसं वागावं याचाही एक डोस पाजला. आप्पा बाजूला उभे राहून हे बघत होते. बाईची पाठ सरळ झाली होती. बारा वाजून वीस मिनिटांनी मनालीनं पट्टा बांधला. चिमणाबाई पट्टा बांधलेल्या हातानंच धोंडुबाईला बघ म्हणून दाखवत होती.

एकशेअठ्ठेचाळीस.

सगळं तिथंच संपायला हवं होतं. आप्पांनी घड्याळ बघितलं, वेळ होता, रिक्षानं दहा मिनिटं. पण स्ट्रेचर आलं तशी चिमणाबाईनं पुन्हा मनगट धरलं.

"तम्मा, भावा, तू भाईर थांबशील न्हवं? मला दिसत न्हाय. तुझं करकर ऐकू यिऊ दे, म्हंजे कळंल हाईस."

दार लागलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार साधं, लाकडी होतं, त्याला लागूनच बाक. आप्पा बसले. ती आत पडून होती, डोळा बधिर करायची सुई टोचलेली, पण जागी. साडेबारा वाजत आले होते. आप्पांच्या मनानं तेवढ्यातही एक सौदा मांडून बघितला: दहा मिनिटं पाय हलवावा, मग हळूच उठावं. तिला काय कळतंय? कळलं असतं. तेच तर तिनं पक्कं करून ठेवलं होतं.

आयुष्यभर हा पाय आपोआप हलत आला होता. आता मुद्दाम हलवायचा म्हटल्यावर जड झाला. पोटरीत गोळा आला. पाचव्या मिनिटाला आप्पांनी पाय बदलून बघितला, पण डाव्या चपलेचा आवाज वेगळा यायचा, म्हणून पुन्हा उजवा. जाणारे-येणारे वळून बघत होते. एक वॉर्डबॉय म्हणाला, काका, पेशंट आत हायत, आवाज करू नका. आप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो निघून गेला. पाऊण वाजला. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं, पट्टी बांधलेली चिमणाबाई बाहेर आली आणि आप्पा धावले.

डॉक्टर दवाखान्याचं शटर ओढायच्या बेतात होते. दीड वाजायला पाच कमी. आप्पा खुर्चीत बसले आणि धापा टाकतच दंड पुढं केला.

एकशेछप्पन्न.

डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि सांगितलं, की हा धरू नका. तुम्ही पळत आलाय. दहा मिनिटं बसा, पुन्हा बघतो. असंच करतात, मी सगळ्यांचं दोनदा बघतो.

आप्पांनी वही उघडली आणि छप्पन्न लिहिला.

"आप्पा, हा गूळ नाही."

"काटा झाला डॉक्टर," आप्पा म्हणाले. "एकदा काटा झाला की माल पुन्हा चढत न्हाय."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. त्यांनी संध्याकाळी अमरेशला फोनही केला. रात्री अमरेशनं वही बघितली आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाला, डॉक्टर पुन्हा बघतो म्हणाले होते. आप्पांनी त्याला पेढीवरचा पहिला दिवस आठवतो का विचारलं. त्याला आठवत होता. हिराबाईनं फेटा पुन्हा कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं.

त्यानंतर तीन दिवस आप्पा दवाखान्याकडं फिरकले नाहीत. कट्ट्यावर बसले. चिमणाबाईवर राग धरला, यल्लाप्पाच्या नातवंडावर धरला, मनालीवर धरला. शनिवारी सकाळी यार्डाकडनं फटाक्यांची माळ ऐकू आली. म्हणजे नारळ फुटला, म्हणजे सौदा निघाला. त्यांचा पाय असा काही हलायला लागला, की हिराबाई आतनं म्हणाली, एक तर यार्डात जावा न्हायतर दवाखान्यात जावा, पण माझ्या डोक्यातनं जावा.

वॉर्डात सणामुळं शुकशुकाट होता. चिमणाबाई कॉटवर बसली होती, उजव्या डोळ्यावरची पट्टी काढलेली, वर हिरवं झापड. आप्पा दारात गप्प उभे राहिले. तिनं त्यांना वरपासनं खालपर्यंत बघितलं, ओळखलं नाही, तोंड फिरवलं. मग आप्पा शेजारच्या स्टुलावर बसले आणि चप्पल करकरली.

"तूच व्हय?" चिमणाबाई म्हणाली. "एवढंसंच हाईस? मला वाटलं करकर एवढी मोठी, तर माणूस हत्तीएवढा असंल."

धोंडुबाई पलीकडच्या कॉटवर होती, ती तोंडाला पदर लावून हसली. आप्पांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तासाभरानं अमरेश आला. नवी टोपी, कपाळाला गुलाल, हातात कागदाची पुडी. घरी गेलो होतो, आईनं सांगितलं इकडं म्हणून, असं काहीतरी पुटपुटला आणि पुडी पुढं केली. मुहूर्ताच्या ढेपेचा तुकडा होता. आप्पांनी अंगठ्यानं दाबला, उजेडात धरला, कणभर जिभेवर ठेवला.

"दोन नंबर. तू काय म्हणून पुकारलास?"

अमरेशनं टोपी सारखी केली.

"एक नंबर?"

"सणाचा दिवस होता," अमरेश म्हणाला. मग म्हणाला, "आप्पा, अट ऱ्हाऊ दे. सोमवारपासनं या."

आप्पांनी उरलेला तुकडा चिमणाबाईच्या हातावर ठेवला. तिला प्रतीशी काही देणंघेणं नव्हतं, तिनं तो तोंडात टाकला.

"अट हाय ती हाय," आप्पा म्हणाले. "सात दिवस पुन्हा पहिल्यापासनं मोजायचे. आज पहिला. आणि आलो तरी दुपारी एकनंतर येईन. सकाळी मी इथं असतो."

वही घरीच राहिली होती. अमरेशनं खिशातनं पेन काढलं आणि गुळाच्या पुडीचा कागद सरळ केला. मनालीनं पट्टा आणला, आप्पांच्या दंडाला गुंडाळला.

"हेदरब्याड," चिमणाबाई म्हणाली.

मनाली फुगा दाबायला लागली. तेवढ्यात दारातनं एक माणूस गेला, हातात कागद उलटा धरलेला, डोक्याला मुंडासं, सोबत कुणी नाही, डोळ्यांत पाणी. तीन नंबर. दोन पावलं पुढं गेला, थांबला, परत फिरला. आप्पांचा पाय हलायला लागला.

"आप्पा, हलू नका," मनाली म्हणाली. "आकडा चुकतोय."

"मग उरक की बाई. तो माणूस भलत्याच जिन्याकडं चाललाय."